मागे बघ

भोसरीत समुद्र नाही.
आमच्या प्लेटिंग शॉपमागे नाला आहे,
त्यात मासा सोडा, बेडूकही टिकत नाही.
तरी माझ्या लॉकरमध्ये, हेल्मेटखाली,
सात चमचे आहेत.

कँटीनमधलेच. दांडे कापलेले,
पोटाला ठोकून जरा बाक दिलेला,
दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक.
एका अंगाला चकाकतं निकेल, दुसरं अंग मुद्दाम मळकं.
पाण्यात फिरताना एकदा दिसला पाहिजे,
एकदा नाही.
मासा त्या ‘नाही’वर झडप घालतो.
हे हिराजी नाखव्यानं सांगितलं,
रेवदंड्याच्या खाडीत, इंजिन बंद करून.

शुक्रवारी रात्री पार्किंगमध्ये फेकायचा सराव,
गळ न लावता, नुसतं शिसं.
वॉचमन काशिनाथ विचारतो, लागलं का काही?
लागलं.
बी विंगची अॅक्टिव्हा.

एक वाजता निघायचं. ताम्हिणीत धुकं, माणगावला चहा.
शाळेत घोकले होते खारे वारे, मतलई वारे,
बाणांची आकृती, पाच मार्क.
चाळीस वर्षांनी कळलं, मतलई म्हणजे
पहाटे मानेवर येणारा गार हात,
होडीला किनाऱ्यापासून हळूच लोटणारा.
हिराजी म्हणतो, लोटतो म्हणून खूश होऊ नको.
परतीचं पेट्रोल आधी मोज.

आणखीही म्हणतो, अधूनमधून, विडी विझवता विझवता:
दोघांनी एकदम उभं राहायचं नाही.
भांगाचं पाणी आळशी, त्या दिवशी हाव धरू नको.
तिहेरी गळ काढ, एकेरी लाव,
एक माशाला लागला की उरलेले दोन
माणूस शोधत बसतात.
आणि फेकण्याआधी मागे बघ.
मासा पुढे असतो, माणूस मागे.

मागच्या फाल्गुनात
मी मागे बघितलं नाही.

दोरी तंग झाली. मला वाटलं, कुठे अडकली.
वळलो तर हिराजीचा हात वर,
कोपराखाली चमचा लटकतोय,
उन्हात एकदा दिसतोय, एकदा नाही.

ओढू नको, तो म्हणाला.
उलटा काटा आहे, आला त्या वाटेनं जात नाही.
माझे हात असे थरथरत होते की
त्यानं डाव्या हातानंच दोरी कापली, चमचा सोडवला,
गळाच्या बाकात दुहेरी दोरा ओवला,
टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं.
आता गळाची मान दाब. अजून. कातडीला टेकू दे.
डोळ्याजवळ असता तर?
तर हात लावायचा नाही. वर कप झाकायचा
आणि गाठायचं अलिबाग.
बोलू नको आता. हिसका दे.

दिला.
गळ टणकन इंजिनवर आपटला.
रक्त एवढंसं, करवंदाएवढं.
खाऱ्या पाण्यात हात घालू दिला नाही त्यानं मला,
बाटलीतलं गोडं पाणी, साबणाची वडी.
धनुर्वाताचं इंजेक्शन किनाऱ्यावर, अकरा वाजता,
नर्सनं विचारलं, कोणी केलं?
हा पुण्याचा, तो म्हणाला.
तिला तेवढं पुरलं.

होडी ओढताना त्यानं विचारलं, कितवा चमचा?
सहावा.
हं. धार बरी लावलीस.

सोमवारी पहिल्या शिफ्टला पक्कड घेतली
आणि सातही गळांचे उलटे काटे
दाबून सपाट केले.
तेव्हापासून दोन जिताडे सुटलेत.
एक तर अगदी काठाशी,
जाळी पाण्यात, हिराजी वाकलेला,
आणि मासा मान झटकून
माझ्याकडे पितळी डोळ्यानं बघत खाली.
वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.
हिराजीनं शिवी दिली, मला की माशाला,
वाऱ्यात कळलं नाही.

मग त्यानं हात बुडवून पाण्याची ओढ पाहिली.
कोपराखाली पांढरा ठिपका, तांदळाएवढा.
अर्धा तास आहे अजून, म्हणाला.

मी मागे बघितलं.
तो खाली बसला, डोकं वाकवून.
मग फेकला.